शटरच्या बाहेर

पंढरीनाथ पुन्हा उठला. खुर्चीपासून भिंतीपर्यंत चार पावलं, परत चार पावलं. सदरा घामानं पाठीला चिकटला होता. मध्येच थांबून तो दोन्ही हात कानांवर दाबायचा आणि पुन्हा चालू लागायचा.

सुचेताबाई उजगरे समोर बसून होत्या. ही पाचवी भेट. राहनाळच्या गोदामाला आग लागून दोन महिने झाले होते. बाकी सगळे पुढच्या दारानं निसटले. पॅकिंगला असलेली एकोणीस वर्षांची वनिता तेवढी मागच्या बाजूला अडकली आणि गेली. पंढरीनाथ त्या गोदामाचा वॉचमन. तेव्हापासून त्याला झोप नव्हती, तोंडात शब्द नव्हता. सुचेताबाईंच्या चर्चनं निजामपुऱ्यात अशा धक्का बसलेल्या लोकांसाठी एक खोली घेतली होती; बाई तिथं त्यांचं ऐकून घेत, धीर देत. पंढरीनाथची सून त्याला तिथं आणून सोडायची.

बाईंनी सगळं करून पाहिलं होतं. श्वास मोजायला लावला. त्याला विचारून प्रार्थना केली. पाळकसाहेब म्हणाले, "वचन वाचून दाखवा, शांती मिळेल." तेही वाचलं. येरझारा काही थांबल्या नाहीत.

आज चालता चालता तो दारापाशी अडला. गल्लीतल्या कापड विणणाऱ्या लूमचा खडखडाट आत येऊ नये आणि आतलं बोलणं बाहेर जाऊ नये, म्हणून बाई दर वेळी आतून कडी लावत. त्याचा हात कडीपर्यंत गेला, मागे आला.

बाई कडीकडे बघत राहिल्या. पाच वेळा आपण या माणसाला कोंडून ठेवलं आणि त्यालाच म्हणालो, मोकळे व्हा.

त्यांनी कडी काढली. दोन्ही खुर्च्या उचलून गल्लीत मांडल्या. लूमचा आवाज एवढा, की बोलायचं तर डोकी जवळ आणावी लागत होती. पंढरीनाथ पहिल्यांदाच नीट टेकून बसला. मग बोलला.

"बाई, कुलूप मीच घातलं व्हतं."

सुचेताबाईंनी खुर्ची आणखी पुढं ओढली.

"सुपरवायझर बोलला, पोरी मागनं निसटतात, दुपारचं मागच्या शटरला भायेरनं कुलूप घाल. चावी त्याच्याकडं. आग लागली तवा तो पयला पळाला. मी दगडानं कुलूप ठोकत व्हतो. ती आतनं बोलत व्हती माझ्याशी. मंग बोलायची थांबली." त्यानं कान झाकले. "पोलिसांना बोललो, शटर जाम झालं."

'देव क्षमा करतो' हे शब्द बाईंच्या ओठांवर आले. त्यांचा त्यावर पक्का विश्वास होता. पण ते इतक्या लवकर उच्चारले, तर या माणसाचं पुढचं बोलणं तिथंच मिटेल, असं वाटलं. त्यांनी ते गिळले.

"हे कुणाला सांगायचं राहिलंय?" त्यांनी विचारलं.

"पोलिसांना सांगायचं हाय. पर आधी तिच्या आईला." तो उठून उभा राहिला. "आजच. तुमी येता का? एकल्याला न्हाय जमायचं."

वनिताचं घर राहनाळलाच होतं. तिथंपर्यंत रिक्षात तो कडेला, एक पाय बाहेर काढून बसला. बाईंचाही जीव थाऱ्यावर नव्हता. याचं ओझं हलकं करायला एका पोळलेल्या आईच्या दारात ते नेऊन टाकायचं? गल्लीच्या तोंडाशी त्यांनी त्याला थांबवलं. "मी आधी विचारते. त्या नको म्हणाल्या, तर परत फिरायचं. सरळ पोलिसांकडे जायचं."

वनिताची आई शेवंता उंबऱ्यात बसून शिवून आलेल्या कपड्यांचे सुटे धागे कापत होती.

"जय भीम, ताई. गोदामाचे वॉचमन आलेत. त्या दिवसाचं त्यांना काही सांगायचंय. ऐकायला फार जड आहे. नको असेल तर नको म्हणा."

शेवंतानं कात्री खाली ठेवली. "येऊ द्या."

पंढरीनाथनं उभ्यानंच सांगितलं. कुलूप, चावी, दगड, पोलिसांना सांगितलेलं खोटं. काही गाळलं नाही. शेवंताचा चेहरा दगडासारखा झाला. ती उठली, त्याच्या अगदी पुढ्यात आली. त्यानं डोळे मिटून घेतले. हात जोडले. सुचेताबाई मध्ये पडायला एक पाऊल सरकल्या.

"हात जोडू नका," शेवंता म्हणाली. "माफ करीन का न्हाय, मलाच ठाव न्हाय. पोलिसांकडं तर तुम्हाला जावंच लागंल."

तो होकारार्थी मान हलवत राहिला. शेवंतानं आतून पाट आणला आणि त्याच्यापुढं ठेवला.

"दोन महिने जो भेटंल त्याला विचारतेय, माझी पोर शेवटी काय बोलली. सगळे सांगतात, तिथं ऐकायला कुणी नव्हतं. बसा. ती काय काय बोलली ते सांगा, एक शब्द गाळू नका."