अर्ध्या दरातली बुडी

"त्याला मी खाली नेणार नाही, मिस डेल्वीना. तुम्ही कितीही ओरडा."

ऑल्स्टनने बोटीची फळी मागे ओढून घेतली. धक्क्यावर चाकांच्या खुर्चीत नेल्विन बसला होता. मांडीवर पोहण्याचे रबरी पंख, त्यावर ठिगळं लावलेला बुडीचा पोशाख. खुर्चीमागे त्याची बायको डेल्वीना, सगळ्या बेटाची 'मिस', कमरेवर हात ठेवून.

हंगाम संपून पर्यटक येईनासे झाले की ऑल्स्टन बेटावरच्या माणसांसाठी अर्ध्या दरात फेरी काढायचा. जुनी बोट, न्याहारीला खोबऱ्याचा पाव, कमरेइतक्या पाण्यात धडा आणि मग उथळ प्रवाळावर एक बुडी. सगळं नवशिक्यांसाठी. नेल्विन काही नवशिका नव्हता. शेवंडं धरायला तो इतका खोल आणि इतक्या वेळा उतरला, की एक दिवस वर आला तो कमरेखाली मेलेलाच. तेव्हा होडीत बसून, वल्हं मारत त्याच्या बुडबुड्यांमागे फिरणारा गडी ऑल्स्टनच होता. त्यानेच त्याला पाण्यातून ओढून घेतलं होतं. पुन्हा तसं ओढायची त्याची छाती नव्हती.

"फेरी स्वस्त आहे, जीव नाही," तो म्हणाला.

"अरे, अर्धा माणूस, अर्धा दर! बरोबर बसतंय की!" नेल्विन हसला.

धक्क्यावर टोपलीतल्या मासळीवर पाणी मारणारी कोळीण ऑर्लेट मात्र हसली नाही. "लिवाने पाय ठेवून घेतलेत त्याचे. पाण्याची मालकीण ती. तिची शेवंडं जास्त उचलली की माणूस ठेवून घेते. आता उरलेलाही तिलाच नेऊन देतेस होय गं?"

"दिसायला फार देखणी आहे म्हणतात," नेल्विन म्हणाला. "केस पार कमरेपर्यंत."

"तू गप रे!" डेल्वीनाने त्याच्या डोक्यात टपली मारली.

ऑल्स्टन बोटीच्या तोंडाशी पाय रोवून उभा राहिला. "दर रविवारी पाद्रीबाबा घसा सुकेपर्यंत गाऊन सांगतात ना, मिस? माशाने गिळलेल्या योनाला जिवंत परत दिलं ते एकदाच. दुसऱ्यांदा कुठे लिहिलंय? आणि त्या कडव्याला सगळ्यांत चढा आवाज तुमचाच."

"असतोच. समुद्रही देवाचाच, असं मी गाते. तुझा देव किनाऱ्यावरच थांबत असेल, माझा नाही थांबत."

बोलता बोलता तिने फळी खेचून पुन्हा धक्क्याला टेकवली आणि खुर्ची तिच्यावर चढवली. ऑल्स्टनला मागे सरावं लागलं. चाकं धाडकन बोटीत आली. आता त्याचा आवाज खाली आला.

"मिस, हात जोडतो. ह्या माणसाला मी एकदा मेलेला धरलाय. त्याला खाली सोडायचं आणि तुम्ही वर बसून काय करणार? गाणी म्हणणार?"

डेल्वीनाने नवऱ्याच्या मांडीवरचा पोशाख उचलून अंगाला लावून बघितला. कमरेला तिच्या मापाची नवी शिवण होती. मग ती बोटीच्या कडेवर बसली आणि ते पंख एकेक करून स्वतःच्या पायांत चढवले.

नेल्विनने मागे बांधलेल्या होडीकडे बोट दाखवलं. "मला तिच्यात बसव, ऑल्स्टन. आणि वल्हं दे. बुडबुडे आज मी बघतो."

धक्क्यावर ऑर्लेटच्या हातातलं मडकं तसंच राहिलं. ऑल्स्टनला तोंड मिटायचं सुचेना. "तुम्ही? पण मिस... खाली लिवा..."

"मग?" पायातला पंख घट्ट करत डेल्वीना म्हणाली. "सवतीच्या दारात नवऱ्याला कुणी धाडतं का रे? मीच जाते."