बियाण्याची लवकी

फीत बांधून झाल्यावर मुख्याध्यापक महादेवराव दोन पावले मागे सरकले आणि मांडवावरून लोंबणाऱ्या त्या थोराड लवकीकडे, दुधी भोपळ्याकडे, त्यांनी समाधानाने पाहिले. तिच्या देठाला महिनाभर बांधलेली जुन्या लुगड्याची चिंधी त्यांच्या पायाशी पडली होती. चिंधीच्या जागी आता लाल साटीनचे फूल होते.

"सर, ती बियाण्याची आहे," चौथीची वर्गशिक्षिका साधना म्हणाली.

"मले मालूम हाय, मॅडम. पण सायेब येऊन राहिले. त्याइले काय चिंधी कापाले लावता?"

"पलीकडे दुसऱ्या वेलाची आहे. तिला बांधा फीत."

"ते? ते तं फोटोत दिसनबी नाही."

नऊ वर्षांच्या नोकरीत कोणत्या वाक्यानंतर थांबायचे, हे साधनाला न मोजता कळू लागले होते.

चिंधी बांधलेल्या फळाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम इंदूबाईंनी या बागेला घालून दिला होता. इंदूबाई शाळेत पोषण आहार शिजवत. वेलाचे बी त्यांनीच पातूरकडच्या माहेराहून आणले होते. आता माहेरच्या मांडवावर विकतच्या बियाण्याचे वेल चढले होते, आणि या वाणाचा एकच वेल उरला होता तो शाळेच्या कुंपणात. त्याची बाकीची फळे मुलांनी खाल्ली. सर्वांत चांगले एक राखून ठेवले. ते वेलावरच वाळून कडक व्हायला अजून तीन आठवडे हवे होते, आणि मग त्यातले बी तेवीस मुलांच्या तेवीस घरी जायचे होते. पहिलीतली मुलेदेखील त्या लवकीखालून वाकून जात. त्या शाळेत कुणीही न रागावता पाळला गेलेला तो बहुधा एकमेव नियम असावा.

शिक्षणाधिकारी साहेब सव्वा तास उशिरा आले. 'कृतीतून शिक्षण : परसबाग महोत्सव' असे लिहिलेल्या फलकावर कृतीपेक्षा त्यांचे छायाचित्र मोठे होते. नांदगाव खंडेश्वराच्या बाजारावर पाणी सोडून आलेले पालक सकाळपासून सतरंजीवर बसून होते, ते उठून उभे राहिले. साहेबांनी पालकाच्या भाजीचा वाफा पाहिला, मेथीचा पाहिला, गांडूळखताचा खड्डा लांबून पाहिला, आणि मांडवापाशी येताच त्यांची मुद्रा खुलली. बांधलेल्या फळाला हात लावू नये, हे मुलांना शिकवावे लागले होते. बांधलेली फीत कापावी, हे साहेबांना शिकवावे लागले नव्हते.

साधनाच्या हातात ताट होते. ताटात कुंकू, अक्षता आणि सुरी.

साहेबांनी लवकीला कुंकू लावले. तेवढ्यात रांगेतून चौथीतली प्रियदर्शनी पुढे आली.

"सायेब, तिले नोका कापू. बियाची हाय ते."

पालकांत हसू पसरले. महादेवरावांनी डोळे वटारले. पण साहेब संतापले नाहीत. ते खाली वाकले.

"बियाणं पाहिजे का बेटा तुला? अगं, बियाणं तर कार्यालय देतं." त्यांनी हात मागे केला, आणि शिपायाने त्या हातात एक चकचकीत पाकीट ठेवले. "हे घे. हे संपलं की दरवर्षी नवीन मिळेल. आता तर झालं?"

टाळ्या वाजल्या. प्रियदर्शनीने पाकीट घेतले आणि साधनाकडे पाहिले. ताट खाली ठेवता येते, हे त्या क्षणी साधनाला पुरेपूर ठाऊक होते. ते कलंडू नये म्हणून तिने दुसरा हात लावला.

साहेबांनी सुरी उचलली. देठ चिवट होता. तीन वेळा घासावी लागली. छायाचित्रकाराने तिसऱ्या वेळी थांबायला सांगितले, आणि साहेब थांबले.

"हिचीच भाजी होऊ द्या आज," ते म्हणाले. "मुलांसोबत जेवू."

स्वयंपाकखोलीत इंदूबाई पाटावर बसून कांदे चिरत होत्या. टाळ्या त्यांना ऐकू आल्या होत्या. साधनाने लवकी त्यांच्यापुढे ठेवली. तिच्यावरचे कुंकू साधनाच्या हाताला लागले होते.

"कोनं कापली?"

"साहेबांनी."

"अन् सुरी कोनं देली?"

साधना उंबऱ्यात उभी राहिली. बाहेर कर्ण्यावरून साहेबांचा आवाज येत होता : मुलांनी पुस्तकातून नव्हे, मातीतून शिकले पाहिजे.

इंदूबाईंनी उत्तराची वाट पाहिली नाही. विळी पुढे ओढून त्यांनी लवकी उभी चिरली. आतला गर पांढरा होता आणि बियाही पांढऱ्याच होत्या, ओल्या, फुगीर, पेरल्या तरी न रुजणाऱ्या. त्यांनी बोटांनी त्या खरवडून कागदावर टाकल्या आणि फोडी करायला घेतल्या.

प्रियदर्शनी साधनाच्या बाजूने आत शिरली. पाकीट तिने चुलीजवळ ठेवून दिले. कागदाशी उकिडवी बसून तिने एक बी उचलली आणि नखाने दाबली. बी फुटली, थोडे पाणी आले. तिने फ्रॉकला बोट पुसले आणि दुसरी उचलली. तीही फुटली. मग तिसरी.

"राहू दे, माय," इंदूबाई फोडी करता करता म्हणाल्या. "साऱ्या एकाच वक्ती तुटल्या."

प्रियदर्शनीने मान हलवली, आणि चौथी उचलली.