बोटांना कळेल असा गुलाब

गाड्या रंगवण्यात म्हाताऱ्याची हयात गेली, पण कार्ड कधी बनवलं नव्हतं. लग्नाच्या वाढदिवसाला बायकोला दुकानातलंच द्यायचा. यंदा तिची नजर पार गेली. छापील काय कामाचं? म्हणून त्यानं हवेत सुकणारी क्ले साच्यात दाबली, बोटांना कळेल असा गुलाब काढला, कार्डावर चिकटवून सोनेरी रंग चोळला. लेक म्हणाली, "बाबा, आईला चमक थोडीच दिसणार?" "मग पांढरंफटक फूल देऊ होय?" तो गुरकावला. जन्मभर रंगावर वार्निश चढवणारा गडी, पण घाईत नेमकं तेच विसरला. बायकोनं एकेक पाकळी चाचपली. "अगंबाई, गुलाब!" डोळे भरून आले, तिनं बोटांनीच पुसले. "रंग कोणता दिलात हो?" "सोनेरी." "कसा दिसतोय?" म्हाताऱ्यानं पाहिलं. फूल पांढरंफटक पडलं होतं. सगळं सोनं तिच्या गालांवर उतरलं होतं. "तुला शोभतोय," तो कसाबसा म्हणाला.