उजवी बाजू

बायको सेर्वा टॅक्सीत, हॉस्पिटलच्या वाटेवरच मरण पावली, असा तिथून फोन आला, तेव्हा बोआडूची स्वतःची गाडी कुमासीत फिटर अडोमाकोकडे दगडांवर उभी होती. दोन दिवसांत देतो म्हणाला होता. तो अकरावा दिवस होता.

अंत्यविधीनंतर बोआडूने गाडी घरी नेली. तेलाची गळती थांबली होती, पण उजवीकडे, सेर्वाच्या सीटच्या बाजूला, गाडी चार बोटं खाली बसायची. सेर्वा गेल्याचं अडोमाकोला कळलंच नव्हतं. ते त्याच्या तोंडावर फेकायलाच बोआडू आज गाडी घेऊन त्याच्या गॅरेजात आला होता.

"मी आणून दिलेली नवी स्प्रिंग विकून खाल्लीस ना, चोरा?"

"मामा, शिव्या नंतर द्या, आधी बघू तर द्या." अडोमाको गाडीखाली सरकला. थोडी ठोकाठोक झाली. "तुमचीच स्प्रिंग आहे ही. ठणठणीत आहे."

"मग गाडी बसते कशी?"

"माणूस बसल्यावर बसणारच की! मामींना जरा उतरायला सांगा, मग मोजतो."

"डोळे फुटले का तुझे?" बोआडू ओरडला आणि त्याने रिकाम्या सीटचं दार खाडकन उघडलं.

गाडी हळूच वर आली. चार बोटं.

"हां, झाली बघा सरळ," खालून आवाज आला. "मामी, सावकाश हं, तिथे तेल सांडलंय."

बोआडू वाट देत बाजूला सरला. दार अजून उघडंच आहे, आणि अडोमाकोला जे सांगायला तो आला होता, ते सांगायचं राहिलं आहे.