परवाना बाराला संपतो

कुंदाबाई खरात मूकबधिर मुलांच्या शाळेत समुपदेशक होत्या. खुणांची भाषा त्या शिकलेल्या नव्हत्या; ती मुदतीच्या परवान्यावर त्यांच्या मेंदूत बसवलेली होती, आणि तो परवाना आज दुपारी बाराला संपणार होता.

“वेतनश्रेणी ठरल्याशिवाय परवाना वाढवता येत नाही, आणि ती फाइल वर अडकलीय, मॅडम. सोमवारपर्यंत थांबा,” फोनवरचा शिक्षण खात्यातला कारकून म्हणाला.

तेवढ्यात पहिलीतली रुंजी धावत आली. बोटांनी भराभर खुणा करत ती सांगू लागली, “बाई, मला काकांबरोबर पाठवू नका. काल त्यांनी...”

बारा वाजले. रुंजीची बोटं हलतच राहिली, पण कुंदाबाईंना एकही खूण कळेना.

दारात रुंजीचे काका येऊन उभे राहिले. “काय सांगतेय ती?” त्यांनी हसत विचारलं.

“तिचं सांगून व्हायचंय अजून,” कुंदाबाई कशाबशा म्हणाल्या आणि त्यांनी रुंजीला आपल्या पाठीमागे घेतलं.