नव्या पायाखाली

कार्यशाळेत गोपिकाबाईंच्या नव्या नकली पायाची टोचणारी कड प्रणाली घासायला बसली, पण ग्राइंडरचा पट्टा सारखा एका बाजूला सरकून निसटत होता.

"आजी, उद्या या ना."

"नाही वं पोरी, आज मी चालतच घरी जाईन."

प्रणालीनं ताण वाढवला, स्क्रू फिरवून पाहिला, उपयोग झाला नाही. शेवटी पट्टाच काढला, तेव्हा चाकाच्या एका कडेला भुकटीचा थर घट्ट बसलेला दिसला. तो खरवडून पट्टा परत चढवला, तसा तो मधोमध धावू लागला.

कड घासून झाल्यावर पाय बांधून गोपिकाबाई काठीशिवाय उन्हातल्या अंगणात उतरल्या आणि एकदम थबकल्या.

"काहून, अजून टोचून राहिलं का?"

"नाही वं," नव्या पायाकडे बघत त्या हळूच म्हणाल्या, "या पायाले जमीन गरम लागून राहिली."