घडी घातलेला समुद्र

कथालेखनाच्या प्रत्येक शिबिरात मी लहानपणी वाचलेल्या एका पुस्तकातला प्रसंग सांगतो. एक म्हातारी संध्याकाळ झाली की समुद्राची घडी घालते आणि कपाटात ठेवून देते. "याला म्हणतात प्रतिभा," असं म्हणून मी एक उसासाही टाकतो. स्वतः मात्र असल्या कल्पनांच्या वाटेला कधी गेलो नाही. आपली झेप किती, हे माणसाला ठाऊक असावं.

काल जुन्या पुस्तकांच्या दुकानात ते पुस्तक सापडलं. तिथंच उभ्या उभ्या वाचून काढलं. म्हातारी होती, कपाटही होतं. पण ती घडी घालते चादरींची. समुद्र कुठेच नव्हता. तो माझ्याच डोक्यातला होता.

धावत घरी येऊन बायकोला सांगितलं.

"मग लिही की आता," ती भाजी निवडता निवडता म्हणाली.

"कसं लिहू? शिबिरातल्या एका पोरीने त्यावर कादंबरी लिहिलीसुद्धा. तिसरी आवृत्ती निघालीय."

"निदान तुझे आभार तरी मानलेत का?"

"मानलेत ना. आधी त्या पुस्तकाच्या लेखकाचे. मग माझे, त्या पुस्तकाची ओळख करून दिली म्हणून."